नोटीसवहीतली शेवटची सही

गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या रखवालदाराने माझ्या नावाचं एक पाकीट परस्पर सही करून घेतलं, तेव्हा मी त्याला असं काही फैलावर घेतलं की बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. सून म्हणाली, "आई, अहो पाकीटच घेतलंय त्याने, तुमचं घर नाही विकलं." तिला काय सांगू! दुसऱ्याच्या नावाने केलेल्या एका सहीने घर जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती सही मीच केली होती, बारा वर्षांची असताना. जिच्या नावाने केली, ती बाई अजून माझी पाठ सोडत नाही.

आम्ही तेव्हा बंगलोरला होतो. पन्नासचं दशक सरत आलं होतं. वडील सरकारी कारखान्यात इंजिनीयर, आणि गावाबाहेरच्या नव्या एक्स्टेन्शनमध्ये त्यांनी हौसेने घर बांधलं होतं. एका रस्त्यावर एकोणीस घरं. निम्मी आमच्यासारखी महाराष्ट्रातून आलेली, बाकीची कानडी आणि तमिळ. घरं उभी राहिली तसा लगेच निवासी संघ निघाला, आणि वडील त्याचे चिटणीस झाले. मग काय विचारता! कुंपणाची मेंदी छातीच्या वर वाढू द्यायची नाही. रस्त्यात गाय बांधायची नाही. पुढच्या अंगणात धुणं वाळत घालायचं नाही. एकदा आमचीच दुलई पुढच्या तारेवर दिसली, तर वडिलांनी आईच्या नावाने नोटीस काढली. आईने मुकाट सही केली आणि त्या दिवशीच्या आमटीत मीठ घातलं नाही.

ही नोटीस फिरायची एका लांबट वहीतून. लाल कापडी पुठ्ठा, आत डाव्या पानावर इंग्रजीत टाइप केलेली नोटीस, तिच्याखाली कानडीत हाताने लिहिलेली, आणि उजव्या पानावर घरांचे आकडे. आकड्यासमोर त्या घराने सही करायची. संघाचा शिपाई वही घेऊन दारोदार जायचा, आणि संध्याकाळी वडील चष्मा चढवून एकोणीस सह्या तपासायचे. "सही असली की तोंड बंद," ते म्हणायचे. त्या वहीत एक जागा कधी रिकामी राहिली नाही याचा त्यांना केवढा अभिमान!

एकोणिसावं घर अक्कांचं. अक्का जुन्या बंगलोरच्या. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत, पण लिहिणं-वाचणं सगळं कानडीतून. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, आणि दोन्ही कान पार गेलेले. मोठ्या, सपाट आवाजात बोलायच्या. कट्ट्यावर एक पाटी आणि पेन्सिल ठेवलेली असायची, आपण लिहायचं आणि त्यांनी वाचायचं. हुबळीचा पुतण्या दर दिवाळीला येऊन म्हणायचा, काकू, एकट्या कशाला राहता, आमच्याकडे चला. त्यावर अक्कांचं उत्तर ठरलेलं. "एकटी कुठं? माझी मरी आहे की!"

मरी म्हणजे त्यांचा कुत्रा, अक्का मात्र त्याला 'ती'च म्हणायच्या. कानडीत पिल्लाला मरी म्हणतात. माझ्या साताऱ्याच्या आईला तो शब्द ऐकून सुरुवातीला धस्स व्हायचं, कारण आमच्याकडे मरी म्हणजे पटकीची साथ. तांबूस रंगाचा, अर्धा कान तुटलेला, अगदी सामान्य कुत्रा. पण अक्कांचे कान म्हणजे तोच. फाटकाशी कोणी आलं की आधी भुंकायचा, मग धावत आत जाऊन अक्कांचा पदर दातात धरून ओढायचा. दूधवाला, पोस्टमन, भाजीवाली, सगळ्यांची वर्दी त्याच्याकडून. त्याच्या जिवावर ती बाई तिथे एकटी राहत होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मलासुद्धा.

मला मात्र तो आवडत नसे. एकदा भोंडल्याच्या खिरापतीचा डबा घेऊन गेले होते, तर त्याने माझा नवा परकर फाडला होता.

त्या वर्षी मागच्या रस्त्यावर एका मुलीला पिसाळलेलं कुत्रं चावलं. पोटात चौदा इंजेक्शनं घेताना तिच्या किंकाळ्या म्हणे दवाखान्याबाहेर ऐकू येत होत्या. संघाची तातडीची बैठक बसली. ठरलं की कुत्री पकडणारी गाडी बोलवायची. पाळलेल्या कुत्र्यांच्या गळ्यात पट्टा हवा आणि शनिवारपासून ती बांधलेली हवीत, नाहीतर गाडी नेईल. नोटीस निघाली. शिपाई नेमका जत्रेसाठी गावी गेलेला, म्हणून वडिलांनी वही माझ्या हातात दिली. "एकोणीस सह्या," म्हणाले. "एक कमी चालणार नाही."

अठरा घरं मी तासाभरात उरकली. एकोणिसाव्या घराच्या फाटकात मरी उभा होता. मी थांबले. त्याने एकदा भुंकून दाखवलं. अक्का मागच्या परसात असाव्यात, बाहेर कोणी आलं नाही. खरं सांगायचं तर भीती निम्मीच होती. उरलेला निव्वळ कंटाळा. अक्कांकडे गेलं की "स्वल्प बस गं" म्हणत त्या अर्धा तास सोडायच्या नाहीत, आणि पलीकडे मैदानात मैत्रिणींचा लंगडीचा डाव रंगात आला होता.

मी रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसले. मागचं पान उलटून अक्कांची सही पाहिली. कानडीत तीन अक्षरं, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. शाळेत कानडीच्या शुद्धलेखनात माझा पहिला नंबर असायचा. मी ती सही हुबेहूब काढली, शेपटीसकट. मनात म्हटलं, उद्या जाऊन सांगेन.

दुसऱ्या दिवशी शाळेत चाचणी होती, आणि मी विसरले. इतकं साधं आहे ते. मी विसरले.

शनिवारी सकाळी मी खिडकीपाशी वेणी घालत बसले होते. गाडी आली. तारेचे फास लावलेल्या लांब काठ्या घेऊन दोन माणसं उतरली. मरी रस्त्यावर दूधवाल्याला पोचवून परत येत होता. काठ्या पाहून तो पळाला नाही, भुंकून घराकडे धावला. वर्दी द्यायला चालला होता तो! फाटकातच त्यांनी त्याला धरला. अक्का मागे बंबात लाकडं सारत होत्या, धूर दिसत होता. मला ओरडता आलं असतं. धावत जाऊन फाटकात उभी राहिले असते तरी त्या माणसांनी ऐकलं असतं. पण ओरडले असते तर वहीची गोष्ट निघाली असती. मी वेणीला रिबीन बांधली आणि शाळेत गेले.

संध्याकाळी अक्का आमच्या घरी आल्या. दिवसभर रस्तोरस्ती हिंडून त्यांचे पाय धुळीने भरले होते. "माझी मरी नेली," त्या म्हणाल्या. "मला कोणी सांगितलं नाही. मी बांधून ठेवली असती की."

वडील ताडकन उठले. माणूस कडक होता, पण खोटा नव्हता. त्यांनी अक्कांच्या हातातल्या पाटीवर मोडक्या कानडीत लिहिलं की नोटीस मिळाली नसेल तर चूक संघाची. उद्या संध्याकाळपर्यंत कुत्री कोंडवाड्यात ठेवतात, मी आत्ता सायकल काढतो आणि मरीला घेऊन येतो. सायकलची किल्लीसुद्धा त्यांनी खुंटीवरून काढली होती. मग मला म्हणाले, "वही आण."

मी वही आणली. वडिलांनी पान उघडलं आणि एकोणिसाव्या आकड्यावर बोट ठेवलं.

अक्का खाली वाकल्या. मला वाटलं, आता म्हणतील ही माझी सही नाही. देवाशपथ सांगते, क्षणभर मला तेच हवं होतं. मार खाल्ला असता आणि सुटले असते. पण त्या नुसत्या बघत राहिल्या. मग बोटाने ती शेपूट हळूच चाचपली.

"सही माझीच," त्या म्हणाल्या. "मी केली? मग मला आठवत कसं नाही?"

वडिलांनी किल्ली खुंटीला अडकवली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, तरी जाऊन तर या." वडील घुटमळले. पण अक्काच हात हलवत म्हणाल्या, "नको, नको. सगळ्यांना एकच नियम. माझंच डोकं गेलं. माझ्या हाताने मारली मी तिला." आणि त्या चालू लागल्या. आमच्या फाटकाशी त्या सवयीने थांबल्या, मागून कोणी येतंय का ते पाहिलं, मग गेल्या.

सोमवारी शिपाई परतला, तेव्हा आईने त्याला गुपचूप कोंडवाड्यावर पाठवलं. तो नकाराची मान हलवतच आला.

त्यानंतर ते दार सुरू झालं. कोणी आलंय हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून अक्का स्वतःच उठून बघायच्या. दार उघडायचं. त्या उंबऱ्यात यायच्या आणि रिकाम्या रस्त्याला विचारायच्या, "यारू?" कानडीत, कोण आहे? मग दार बंद. थोड्या वेळाने पुन्हा उघडायचं. भर दुपारी, लख्ख उन्हात, सगळा रस्ता सामसूम असताना त्या दाराची कडी वाजायची आणि तो सपाट आवाज यायचा. मी गणितं सोडवत असायचे, ती तशीच टाकून आत पळायचे. उशी कानावर धरली तरी तो आवाज आत यायचा.

पाटीवर आता आम्ही लिहायचो त्याहून जास्त त्याच लिहायच्या. दूध घेतलं. शेगडी विझवली. कुलूप लावलं. दहा वेळा जाऊन कुलूप ओढून बघायच्या. भाजीवालीला एकाच भाजीचे दोन वेळा पैसे दिले, एकदा दिलेच नाहीत. सगळे म्हणू लागले, अक्का भ्रमिष्ट झाल्या. कुत्र्याच्या दिवसापासूनच सुरू झालं, सही करून विसरल्या ना! मी ऐकत होते. अख्ख्या रस्त्यात मला एकटीला माहीत होतं की त्या काहीही विसरल्या नव्हत्या. एका शब्दाने मी त्यांना त्यांचं डोकं परत देऊ शकले असते. रोज ठरवायची, आणि रोज वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा.

दिवाळीला पुतण्या आला आणि या वेळी अक्का नाही म्हणाल्या नाहीत. घर विकायचं ठरलं. जटका, म्हणजे तिकडचा टांगा, दाराशी उभा राहिला, ट्रंका चढल्या. आम्ही सगळे निरोप द्यायला जमलो होतो. अक्कांनी मला हाताने बोलावलं आणि आत, रिकाम्या खोलीत नेलं.

"तूच आणली होतीस ना वही?" त्यांनी विचारलं. "खरं सांग गं. मी सही केली, तेव्हा कशी होते मी? शुद्धीत होते ना?" आणि पाटी माझ्या हातात दिली.

अजून काय हवं होतं? खोलीत दुसरं कोणी नव्हतं. वडील बाहेर ट्रंका मोजत होते. जटक्यावरच्या ट्रंका उतरवायला किती वेळ लागतो? मी पेन्सिल धरली, आणि माझ्या चांगल्या, पहिल्या नंबरच्या अक्षरात लिहिलं: हो. तुम्ही वाचलं, हसलात आणि सही केली.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "सरी," म्हणाल्या. कानडीत, बरं. "हसले सुद्धा, आणि मला ठाऊक नाही. मग जाते ते बरं. एखादे दिवशी घर पेटवून ठेवीन." पदराने पाटी पुसून त्यांनी ती मलाच दिली आणि माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, "तू तरी खरं सांगितलंस."

पुढे दोनच वर्षांत हुबळीहून त्या गेल्याचं पत्र आलं. वडीलही पुढे गेले. शेवटपर्यंत ते ती वही लोकांना दाखवायचे, एक सही चुकलेली नाही म्हणून. त्यांनाही मी सांगितलं नाही.

आता माझेही कान गेलेत. डावा पूर्ण, उजवा जेमतेम. घरात बेल आहे, तिच्यावर दिवाही बसवून दिलाय मुलाने. तरी दुपारी सगळे बाहेर असले की मला बसवत नाही. मी उठते, दार उघडते, जिन्यात पाहते, कडी लावते, आणि खुर्चीपर्यंत पोचले की परत फिरते. परवा सून लवकर घरी आली तर मी दारातच. ती माझ्या चांगल्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, कोणाशी बोलत होता? कोणी नाहीये इथे."

"माहीत आहे मला," मी म्हटलं, आणि ती आत गेल्यावर पुन्हा एकदा बघून आले.