मोटारीखालचा थेंब

चांगली चालू असलेली वस्तू उघडून बसावं ते आमच्या दाजींनीच. या बाबतीत त्यांचा हात धरणारा माणूस परतूर तालुक्यात झाला नाही, होणार नाही, आणि झालाच तर त्याने कृपा करून माझ्या घरी येऊ नये. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभा जन्म त्यांनी गावच्या पाणीपुरवठ्यात पंपावर काढला. निवृत्त झाले, पण गळती शोधायची खोड काही निवृत्त झाली नाही. कुणाकडे गेलं की माणसं चहा येईपर्यंत ख्यालीखुशाली विचारतात. दाजी न्हाणीघरापाशी जाऊन कान देऊन उभे राहतात. एकदा एका मयतीला गेलो असताना, रडारड ऐन भरात आलेली असताना, त्यांनी मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाले, "मेव्हणे, ह्यांची टाकी भरून वाहून राह्यलीय." आणि खरोखर गच्चीवर जाऊन कॉक बंद करून आले. त्या घरची माणसं अजून त्यांचं नाव काढतात. मला मात्र त्या दिवशी तोंड लपवायला जागा नव्हती.

बरं, बोलायची सोय नाही. ते पडले घरचे जावई. जावयानं घराला आग लावली तरी सासरच्यांनी 'उजेड छान पडला' म्हणावं, अशी आमच्याकडची रीत. माझे वडील, म्हणजे अण्णा, त्यांना कधी 'जावईबापू'शिवाय हाक मारत नसत. त्यामुळे दाजींनी आजवर माझ्या घरातला पंखा, मिक्सर, शिलाई मशीन आणि भिंतीवरचं घड्याळ उघडलं, आणि दर वेळी मी त्यांना चहा विचारला.

पण मोटारीला हात लावतील असं वाटलं नव्हतं. ती अण्णांची मोटार. काळी, गोल डोळ्यांची, माझ्याहून वयाने मोठी. आष्टीच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडून अण्णांनी ती घेतली, तेव्हापासून दर भाऊबीजेला तीत बसून ते मंठ्याला आत्याकडे ओवाळून घ्यायला जात. आई गेली त्या वर्षी ते राहिलं. त्यानंतर अण्णा खाटेवरून उठेनासेच झाले. डॉक्टरांना काही सापडेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे आणि बोललेच तर एवढंच, "यंदा मंठ्याला जायचंय. माझ्या गाडीत. दुसऱ्या गाडीत मी बसणार न्हाई." मी दर रविवारी मोटार चालू करून ठेवत होतो ती एवढ्यासाठीच.

खंडेनवमीला मोटारीला हार घातला, नारळ फोडला. सगळे प्रसाद घेत होते आणि दाजी मोटारीखाली वाकले होते.

"थेंब," ते म्हणाले.

"दाजी, नारळाचं पाणी असंल ते."

त्यांनी फरशीवर बोट टेकवलं आणि ते चाटून पाहिलं. "नारळ न्हाई. रेडिएटर."

मी आत जाऊन नैवेद्याचं ताट ठेवून येईपर्यंत बॉनेट उघडलेलं होतं. दुपारपर्यंत इंजिन थंड ठेवणारी सगळी यंत्रणा अंगणातल्या सतरंजीवर आली: रेडिएटर, पाण्याचा पंप, पंख्याचा पट्टा, रबरी पाइप. प्रत्येक नट ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं, पंगतीला पाट मांडावेत तसा मांडलेला. वर या गृहस्थांनी अण्णांना खुर्चीवर आणून बसवलं. "मामा, तुमी फकस्त ध्यान ठेवा. कोन कोनाच्या शेजारी बसलाय तेवढं बघा." ज्या माणसाला आम्ही घरचे कुशीवर वळवू शकत नव्हतो, त्याला यांनी उन्हात नटांची राखण करायला बसवलं! मला इतका संताप आला की मी न जेवता दुकानावर निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी दाजी स्वयंपाकघरात शिरले. रेडिएटरात बोअरच्या पाण्याचा क्षार साचला होता. "तांब्या-पितळंचं भांडंच हाये हे," ते माझ्या बायकोला म्हणाले. "वहिनी, भांडं कशानं घासता तुमी?" आणि वर्षाची भरून ठेवलेली चिंच बरणीसकट गेली. ती कोळून त्यांनी रेडिएटरच्या तोंडातून आत ओतली आणि तीन दिवस मुरू दिली. दिवाळीपर्यंत आमच्या वरणाला आंबटपणा नव्हता. तो सगळा बायकोच्या चेहऱ्यावर आला होता.

मग थर्मोस्टॅट. म्हणजे पाणी पुरतं तापल्यावर उघडणारी, तोवर बंद राहणारी एक पितळी डबी. स्टँडजवळचा मिस्त्री म्हणाला, "आपल्या उन्हात कशाला पायजे? काढून फेका." दाजी त्याच्याशी बोलायचेच बंद झाले. ती डबी त्यांनी आमच्या चहाच्या पातेल्यात उकळायला ठेवली, आणि अण्णा हातात घड्याळ घेऊन पातेल्यावर वाकले. "उघडली! जावईबापू, उघडली!" हा आवाज मला रस्त्यावर ऐकू आला. पुढे आठ दिवस चहाला नटबोल्टाची चव होती, हे त्या दोघांनीही शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

जोडायला घेतलं तेव्हा तर कहरच झाला. सगळं बसवायचं, पाणी भरायचं, कुठंतरी ओल दिसली की पुन्हा सगळं सतरंजीवर. असं तीनदा. वसुबारस गेली, लक्ष्मीपूजन गेलं. पाडव्याच्या सकाळी पंप पुन्हा सतरंजीवर दिसला आणि माझा तोल सुटला. "दाजी, उद्या अण्णांची भाऊबीज बुडाली ना, तर मी जन्मात तुमचं तोंड बघणार न्हाई!"

ताई रडायला लागली. दाजी पाना पुसत म्हणाले, "बराबर हाये तुमचं." अण्णा मात्र खुर्चीतून माझ्यावरच कडाडले, "त्यांना बोलू नको. नटांवर मी ध्यान ठेवून हाये!"

भाऊबीजेला मोटार निघाली. अण्णा टोपी घालून पुढं, दाजी मागं, कान इंजिनाकडे. अर्ध्या वाटेवर बॉनेटमधून वाफ उसळली. मी दाजींकडे बघितलंसुद्धा नाही. इंजिन निवेपर्यंत आम्ही बाभळीखाली बसलो. मग दाजींनी ओलं फडकं टाकून रेडिएटरचं झाकण फिरवलं, आत बोट घातलं आणि तसेच उभे राहिले. झाकण नीट बसूच नये असा काठावर एक टपोरा, भिजून फुगलेला चिंचोका अडकला होता. सगळं पाणी तिथून उडून गेलं होतं. साऱ्या गावच्या गळत्या शोधणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं गळती आत घातली होती.

त्यांनी तो चिंचोका तळहातावर घेऊन अण्णांना दाखवला. अण्णांनी तो पाहिला, दाजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायला लागले. टोपी पडली तरी थांबेनात. आई गेल्यापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं. जवळच्या शेतातून पाणी आणून भरलं आणि दिवेलागणीच्या आत मंठ्याला पोचलो. आत्या दुपारपासून ओट्यावर ताट घेऊन बसली होती.

अण्णा फाल्गुनात गेले, झोपेतच. तेरावं झाल्यावर दाजी मोटारीशेजारी उभे होते. म्हणाले, "मेव्हणे, खरं सांगू? पाइपाची क्लिप ढिली होती फकस्त. दोन आटे पिळले असते तर भागलं असतं."

"मंग?"

"मी बॉनेट उघडलं तवा मामा खाटंवरून उठून दारापोतर आल्ते. मंग मी पंप खोलला."

एका क्लिपपायी माझी अख्खी दिवाळी, बायकोची वर्षाची चिंच! मला भयंकर राग आला होता. पण मी त्यांना चहा विचारला.

यंदा खंडेनवमीला मी मोटारीला हार घातला. नारळ मुद्दाम लांब, तुळशीपाशी फोडला. मोटारीखाली वाकून पाहिलं. फरशी कोरडी ठणठणीत होती. मी दाजींना फोन लावला आणि सांगितलं, "दाजी, थेंब पडून राह्यलाय."

ते पान्यांची पिशवी घेऊन लगेच आले. सोबत ताईनं दिलेली चिंच होती, एकूणएक चिंचोका काढलेली. दाजी गुडघे टेकून मोटारीखाली वाकले आणि कोरड्या फरशीकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तिच्यावर बोट टेकवलं आणि चाटून पाहिलं.

"रेडिएटर," ते म्हणाले. "समदं खोलावं लागंल."

मी आतून अण्णांची खुर्ची आणली आणि नटांवर ध्यान ठेवायला बसलो.