गोंडीची खोली

चिचगडच्या आमच्या गोंडी अनुवादक बाईंवर अन्याय झाला तो सोमवारी सकाळी अकरा वाजता, गोंदियात, आमच्याच संस्थेच्या कचेरीत. तेंदूपानाच्या ग्रामसभेचा मेल गावोगावच्या कार्यकर्त्यांना जायचा होता. त्यातला बाईंचा मजकूर साहेबांनी काढला आणि तिथं हिंदी चिकटवलं. बाईंना विचारलंसुद्धा नाही. ज्या गावांत हा मेल वाचून दाखवतात, तिथल्या म्हाताऱ्या बायांना हिंदी येत नाही.

हे मेल तयार करणारा माणूस दिवसातून दहादा चष्मा हरवतो. मेलचं डिझाइन एकच, त्यात प्रत्येक भाषेची वेगळी जागा. तिला तो खोली म्हणतो. अनुवादकानं फक्त आपल्याच खोलीत शिरायचं. त्याला स्वतःला गोंडी येत नाही, तरी बाईंकडून फोनवर अख्खा मजकूर वाचून घेतो. "जिथं अडखळून राहिली, तिथं चूक आहे," म्हणतो. मला हा वेळखाऊपणा वाटायचा.

त्या दिवशी साहेब म्हणाले, "भेज दो भाई, हिंदी सबको समझती है."

"मंग मराठी कायले धाडून राहिलो, साहेब?" त्यानं माउसवरचा हात काढून घेतला. "बाईले विचारल्याबिगर मी बटन दाबत नाही."

साहेब तणतणत निघून गेले. यानं बाईंचा मजकूर परत आणला, फोन लावला, शेवटपर्यंत ऐकला आणि मगच मेल सोडला. मोर्चात घसा फोडणारी मी तिथं गप्प बसले होते.

तुमच्याही कचेरीतून मेल जातात. ज्याचे शब्द बदललेत, त्याला आधी फोन लावा. साहेब समोर असतानाच लावा.