सीतादहीची ओटी

पांढरकवड्याबाहेर पडताना सरकीचा तो तेलकट, उबदार वास आला की मी बसची खिडकी उघडते. शेजारच्या बाया नाकाला पदर लावतात. लावू देत बापड्या! माझं कॉलेज त्याच वासात होतं. बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात आमचे वर्ग भरत. आढ्याला जुना कापूस चिकटलेला. वारा सुटला की त्याचे पुंजके तरंगत खाली येत आणि इतिहासाच्या तासाला अर्धा वर्ग शिंकत बसे. गॅरेजवाल्या चाचांच्या मुली, पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या मुली, आम्ही शेतकऱ्यांच्या मुली, सगळ्यांचेच केस पांढरे. "पोरींनो, फारच लवकर म्हाताऱ्या झालात गं," आमच्या प्राचार्य बाई म्हणायच्या. फक्त मुलींचं कॉलेज, म्हणून तर बापांनी आम्हाला तिथवर येऊ दिलं होतं.

पण कापसाचं बिनसलं की आधी पोरीचं कॉलेज सुटायचं. माझ्या शेवटच्या वर्षी बोंडअळीनं वावर पोखरलं आणि बा म्हणाला, "औंदा मजूर लावनं जमत नाही. पोरगी वेचाले राहीन घरी. कायले पाहिजे ते कॉलेज?" चुलीपुढं बसून मी ढसाढसा रडले.

पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. वावरात पूजा, दहीभाताचा नैवेद्य, मग वेचणी. त्या दिवशी वावरात आलेल्या बाईला आमच्या घरचे रिकाम्या ओटीनं पाठवत नसत. नेमक्या त्याच सकाळी आमच्या प्राचार्य बाई चपला हातात घेऊन वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरून चालत आल्या. दहीभात खाल्ला, माझ्या शेजारच्या ओळीत कापूस वेचला, बोटं ओरबाडून घेतली. निघताना आई त्यांची ओटी भरायला गेली, तर त्यांनी माझ्या बापाकडे वळून पदर पसरला.

"दादा, कापूस राहू द्या. ही पोरगी घाला माझ्या ओटीत."

बा खवळला. "बाई, हे काही बरं नाही केलं तुमी!" मग त्यानं किडक्या बोंडांकडे पाहिलं. सीतादहीच्या दिवशी नाही तरी कसं म्हणावं?

"न्या," तो म्हणाला. "पन रविवारी वेचाले धाडजा."

बाई आता नाहीत. गोदामाच्या जागी पक्की इमारत आहे, वरून काही पडत नाही. मी तिथंच शिकवते. कापूस फुटला की बाक मात्र अजून रिकामे होतात. आज मांडीवर दह्याचा डबा घेऊन मी वेचणीसाठी घरी बसवलेल्या केळापूरकडच्या एका पोरीच्या वावरात सीतादहीला निघाले आहे. परक्या बापापुढं पदर पसरायचा म्हणजे जीव नुसता लाजेनं अर्धा होतो. बाईंनाही तेव्हा असंच झालं असेल; मला कळलंसुद्धा नाही.