पांढरी वाफ

साखर कारखान्याच्या बॉयलरवर मी तीस वर्षं काढली. तिथं पांढऱ्या वाफेला कुणी फारसं भीत नाही. जास्त दाबाची जिवंत वाफ डोळ्यांना दिसतच नाही. ती कुठं गळतेय हे शोधायला आम्ही लांब दांड्याला फडकं बांधून पुढं धरायचो. फडकं फडफडलं की तिथं पाऊल टाकायचं नाही. पांढरं दिसलं म्हणजे वाफ निवली, तिचा जोर संपला.

आता रोज सकाळी बायकोच्या तोंडावर नेब्युलायझरचा मास्क धरून बसतो. यंत्र मास्कखालच्या कपातलं औषध धुक्यासारखं उडवतं. पहिल्या दिवशी सवयीनं मनगट पुढं करून पाहिलं, तर ते धुकं गार. दाब दाखवणारा काटा नाही, फिरवायला चाक नाही, एक बटण आहे तेवढं. तिनं श्वास ओढला की मास्कमधलं पांढरं नाहीसं होतं. तिला ओढता आला नाही की ते बाजूच्या भोकांतून बाहेर सांडतं, आणि ते परत आत ढकलायची कुठलीच युक्ती मला येत नाही.

काल तिनं मास्क जरा बाजूला केला. "अहो, तुम्ही कशाला एवढ्या धापा टाकताय?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बाळाला भरवताना आई स्वतःचंही तोंड उघडते, तसा मी तिच्याबरोबर श्वास ओढत होतो. माझी छाती दर वेळी काठोकाठ भरत होती. मास्कमधलं पांढरं मात्र होतं तिथंच राहत होतं.