चाचांच्या डोक्यातलं वाइंडिंग

कुणावर लिहायचं तर लिहिणाऱ्याचं वय आणि अनुभव तेवढा असावा लागतो. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणी अर्जापलीकडं काही लिहिलेलं नाही. म्हणून आधीच माफी मागतो. पण उमरग्यातले आमचे शेजारचे चाचा हे स्वतःच्या आठवणींवर संशय घेणारे जगातले एकमेव गृहस्थ आहेत, आणि हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

चाचांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी तार उपसायची, नवी भरायची. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्याकडं टीव्हीवर एक डब केलेला इंग्रजी सिनेमा पाहिला. त्यातल्या नायकाच्या डोक्यात यंत्रानं परक्या आठवणी भरलेल्या असतात. बायको खरी की खोटी हेही त्याला कळत नाही. आम्ही मारामारीत रंगलो होतो. चाचांनी ऐन गोळीबारात विचारलं, "मोटारीला कळतं का रे, आतली तार नवी हाय म्हणून? मग माणसाला कसं कळंल?"

तिथून उच्छाद सुरू झाला. गिऱ्हाईक म्हणायचं, "सोमवारी देतो म्हणला होता की!" चाचा शांतपणे म्हणायचे, "तुला तसं वाटायलंय." एकदा तर त्यांनी चाचींकडं स्वतःच्या लग्नाचा पुरावा मागितला. चाची म्हणाल्या, "सबूत अंदर सोया है. नौ बजे तक उठता नै. उठाओ!"

कॉलेजात शिकतो म्हणून पंच मी. "तू सायन्सचा. सांग, लहानपणी अणदूरच्या जत्रंत मी हरवलो हुतो, ते खरं का भरलेलं?" मी आर्ट्सचा आहे, असं मी कितीदा तरी सांगितलं. तेही माझ्या डोक्यात कुणीतरी भरलंय, असं त्यांचं ठाम मत पडलं.

फक्त एका आठवणीवर त्यांचा संशय नव्हता. बारा वर्षांपूर्वी अणदूरच्या थोरल्या भावानं मुलीच्या लग्नाची पत्रिका एसटीच्या कंडक्टरच्या हाती धाडली. आमच्या भागात घरच्या माणसाला घरी येऊन, हातात पत्रिका देऊन बोलावतात. धाडलेली पत्रिका म्हणजे नाही आलात तरी चालेल. चाचा गेले नाहीत. तेव्हापासून बोलणं बंद.

एकदा मी भीत भीत म्हणालो, "चाचा, ही पण भरलेली असली तर?"

तार गुंडाळणारा त्यांचा हात थांबला. "न्हाय रे. ही लई दुखती."

पण नंतर चार दिवस मलाच विचारत होते, "त्यो कंडक्टर काय बोलला हुता का रे, भाऊ का आला न्हाय म्हणून?" मी तेव्हा दुसरीत होतो.

मागच्या आठवड्यात त्याच पुतणीचा फोन आला. चाचांचे हात वार्निशनं भरले होते, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यासमोर धरला. ती त्यांच्या घरच्या दखनीत बोलली. मी माझ्या मराठीत लिहितो.

"चाचा, अब्बांना आता काही आठवत नाही. मलाही ओळखत नाहीत. रोज सकाळी टोपी घालून दारात उभे राहतात. म्हणतात, पोरीचं लग्न तोंडावर आलंय, धाकट्याला अजून बोलावलं नाही. दुसऱ्याच्या हाती पत्रिका धाडली तर तो यायचा नाही, मलाच उमरग्याला गेलं पाहिजे."