क्रँक नसलेलं इंजिन

सक्करदऱ्याला माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, शेतीच्या डिझेल पंपांच्या दुरुस्तीचं दुकान होतं. सत्तरच्या दशकात मी पॉलिटेक्निकात इंजिनं शिकवायचो आणि दादा सातवी नापास. त्यामुळे इंजिनाबाबत घरातला शेवटचा शब्द माझा, असा निदान माझा तरी समज होता.

जुना सिलिंडर उघडला की दादा आत अंगठ्याचं नख फिरवायचा. झीज नेहमी समोरासमोरच्या दोन बाजूंनाच जास्त. "हा दांडा पिस्टनले सरळ नाही ढकलून राहिला," तो म्हणायचा, "तिरपा रेटून राहिला." खरंच होतं. क्रँक, म्हणजे इंजिनाचा वाकडा आस, गोल फिरतो, पिस्टन सरळ जातो. दोघांना जोडणारा दांडा तिरपा होतो आणि पिस्टनला भिंतीवर दाबतो. हे मी वर्गात बाण काढून काढून शिकवायचो. दादाला ते नखानं कळलं होतं, याचा मला थोडा रागच यायचा.

शेवटी त्यानं क्रँकच काढून टाकला. पिस्टनचा दांडा दोन पट्ट्यांत सरळ धरलेला, त्याच्या टोकाला पोलादी रोलर, आणि त्याखाली चढउतारांची जाड चकती. रोलर उतारावर दाबला गेला की चकती फिरायची. वर्षभर खपून त्यानं ते जमवलं. खापा गावचा एक संत्रा-बागायतदार ते इंजिन आपल्या विहिरीवर बसवायलाही तयार झाला होता.

मी गुपचूप आकडेमोड केली. क्रँकचा भार रुंद बेअरिंगवर पसरतो; इथे सगळा जोर रोलरच्या एका बारीक रेषेवर येत होता. रोलर टिकणार नव्हता. पण दादा इतका खुशीत होता की मी मूग गिळून बसलो. त्या गप्प बसण्याला मी माया म्हणत होतो.

रविवारी सकाळी इंजिन सुरू झालं. "पाह्य गा, कसं चालून राहिलं!" दादा ओरडला. पंधरा मिनिटांत खडखड वाढली आणि ते बंद पडलं. उघडलं, तर रोलर एका बाजूनं चपटा झालेला.

तो हातात घेऊन दादानं माझ्याकडे पाहिलं. "तुले माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

"मंग काहून नाही सांगतलं?"

"तुमचं मन मोडलं असतं, दादा."

"मन कायचं मोडते? मोठा रोलर लावला असता ना! मले पोट्टा समजून राहिला का तू?"

मला आजही लाज वाटते. वर्गातल्या सगळ्यात कच्च्या मुलालाही मी त्याची चूक दाखवायचो. दादाला दाखवली नाही, कारण त्याला ती समजेल असं मला वाटलंच नव्हतं.