चुलीचं आवतण

मे महिन्यात दादाचा फोन आला. मुलीच्या लग्नाची आवतणं करायला निघायचंय, तू गाडी घेऊन ये. वहिनीचा गुडघा सुजला होता आणि दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे डॉक्टरांनी त्याला स्कूटर बंद केली होती. मी दिचोलीत एकटी राहते, शाळेत शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी चालू होती. फोन ठेवला आणि पहिला विचार मनात आला तो असा, की ह्याला बहीण हवी आहे की ड्रायव्हर? मग स्वतःचीच लाज वाटली. वाटायला हवी होती तेवढी मात्र वाटली नाही.

खरं सांगायचं तर ह्या फोनची मी चार वर्षं वाट बघत होते. चार वर्षांपूर्वी पुतण्याचं लग्न झालं. आमच्याकडे घरच्या माणसांना आवतण करत नाहीत. ते बाहेरच्यांना. घरचं माणूस आठ दिवस आधी येतं आणि पदर खोचून कामाला लागतं. दादाने नुसतं "कधी येतंस?" एवढं विचारलं असतं तरी मी पुढच्या मिनिटाला निघाले असते. त्याने विचारलं नाही. मी मानी, ही खोड जन्माची. लग्नादिवशी बरोबर जेवणाच्या वेळेला गेले, पंगतीत बसले आणि तीनच्या बसने परत आले. कुणी थांब म्हटलं नाही.

म्हणून ह्या वेळी मी मनाशी ठरवूनच गेले. दिवसभर गाडी चालवायची, आणि संध्याकाळी दादा म्हणणार, आता लग्न होईपर्यंत कोरगावातच राहा, ह्या घरातच. एवढं एक वाक्य ऐकण्यासाठी मी तेरेखोलच काय, काश्मीरपर्यंत गाडी नेली असती.

सुरुवात आम्ही उत्तरेच्या टोकापासून केली. केरीला गाडी फेरीबोटीत घातली. नदीपलीकडे तेरेखोल, त्याच्यापुढे गोवा संपतोच. दादा गाडीतून उतरला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. ऑपरेशननंतरचा मोठा काळा चष्मा, डोक्यावर टोपी. "सिनेमातला व्हिलन दिसतोस," मी म्हटलं. तो हसला, तेवढंच. एका ताटात जेवून वाढलेली माणसं, पण एकमेकांशी बोलायची सवयच मोडली होती.

पहिल्या घरी म्हातारा-म्हातारी दोघंच. उन्हामुळे खिडक्या बंद, आत अंधार. दादाने पत्रिकेच्या कोपऱ्याला कुंकू लावून ती पुढे केली, मी अक्षता दिल्या. "सगळ्यांनी येवचां हां. चुलीक आवतण," दादा म्हणाला. हे चुलीचं आवतण म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी लग्नघरी जेवायचं. लांबच्यांना नुसतं 'घराक एक' म्हणतात, घरटी एका माणसाने यायचं. दादाने जवळजवळ सगळीकडे चूलच सांगितली. मनाने तो पहिल्यापासून मोठा, बोलायला तेवढा कंजूष.

घरोघरी कोकम सरबत. नाही म्हणायची सोय नाही. पाचव्या घराला माझ्या पोटात ते डुचमळायला लागलं होतं. रस्ताभर काजूच्या बोंडूंचा आंबूस वास होता, हंगाम सरत आलेला. कोरगाव ओलांडल्यावर दादा अचानक म्हणाला, "बाय, गाडी थांबव." रस्त्याकडेला रायवळ आंब्याचं झाड होतं. एवढा साठीचा माणूस, डोळ्यात धूळ जाऊ नये म्हणून एका हाताने चष्मा दाबून धरत पडलेले आंबे वेचत होता. "तुका आंबट लागतंत तेच घेतलंय," म्हणाला. मी बॉनेटला टेकून चार आंबे चोखले, रस कोपरापर्यंत आला. त्या पंधरा मिनिटांत मला कसलीही उणीव नव्हती. वाटलं, आता बोलेल. पण त्याने रुमाल दिला आणि म्हणाला, उशीर होतोय.

पेडण्यात एका घरी म्हातारीने माझ्याकडे बघून विचारलं, "ही कोण रे?"

"ही आमची दिचोलेची," दादा म्हणाला.

म्हातारीने मान डोलावली. दिचोलीची! मी कोरगावात जन्मले, तिथल्याच शाळेत शिकले. नोकरीसाठी गेले आणि लग्न केलं नाही म्हणून तिथेच राहिले, एवढाच माझा गुन्हा. पुढे बराच वेळ मी गिअर उगाचच जोरात टाकत होते. दादाने ते ओळखलं असावं, कारण तो खिडकीबाहेर बघत राहिला.

हळर्णला चार वाजले. तिथलं शेवटचं घर उरकून गाडीत बसल्यावर दादाने खिशातला यादीचा कागद काढला, डोळ्यांजवळ नेला. "आता एकच घर रवलां. दिचोलेचां. थंयसून मी बसने जातां, तू दमलंस."

दिचोलीत आमचं नात्याचं कुणी नाही. सबंध रस्ताभर मी आठवत राहिले. वहिनीच्या माहेरचं कुणी असेल, दादाच्या ओळखीचं कुणी असेल. गाव जवळ आलं तेव्हा विचारलं, "कोणाकडे रे?"

"तुझ्याकडे," दादा म्हणाला.

मी गाडी माझ्या बिल्डिंगखाली लावली. आम्ही जिना चढलो. ह्या फ्लॅटमध्ये दादा आजवर कधी आला नव्हता. मी कुलूप काढलं तर म्हणतो कसा, "तू आधी भितर वच. दार लाय." मी आत गेले, दार लावलं. त्याने बेल वाजवली. मी दार उघडलं. दादा टोपी काढून हातात घेऊन उभा होता.

"कदेलार बस," त्याने माझ्याच खुर्चीकडे बोट केलं. मी बसले. त्याने पत्रिका काढली, कोपऱ्याला कुंकू लावलं.

"मागच्या खेपेक तुका आवतण करूंक इसारलंय," तो म्हणाला. "तू राग धरलंस आणि जेवच्या वेळेर येवन गेलंस. चार वर्सां माझ्या मनाक लागून रवलां. ह्या खेपेक चूक नको म्हणान मुद्दाम घरात इलंय."

काळ्या चष्म्यामागचे डोळे दिसत नव्हते, पण चेहरा असा मोकळा झाला होता, की जणू मोठं ओझं उतरवून ठेवलंय. दादा, मला आवतण नको होतं रे. ते नव्हतं तोवर मी त्या घरची होते. हे अगदी ओठांवर आलं. पण बोलले असते तर ह्या माणसाने पुढची चार वर्षं परत मनाला लावून घेतली असती. आणि समोर आलेल्या अक्षता आमच्याकडे कुणी परतवत नाही. मी हात पुढे केला.

"सगळ्यांनी येवचां. चुलीक आवतण," दादा म्हणाला. मग रीतीप्रमाणे त्याने विचारलं, "येतलास मां?"

ह्याचं उत्तरही ठरलेलं असतं. माझ्या पाठीमागे स्वयंपाकघरात एक ताट, एक वाटी, एक पेला पालथा घातलेला होता.

"होय," मी म्हटलं, "आमी सगळी येतलों."